वानगी आणि निकाल

जयसिंगपूर हे गाव वसले तेच मुळी पेठ म्हणून. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने, कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत ही वसाहत उभारली. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि गल्ल्यांना क्रमांक. आसपासच्या खेड्यांतून शेतीकडून व्यापाराकडे वळलेली आणि गुजरात-राजस्थानातून आलेली जैन कुटुंबे या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी करीत आली आहेत.

व्यापाऱ्याचे सारे आयुष्य अंदाजावर चालते. पाऊस केव्हा लागेल, कारखान्याचे उसाचे बिल केव्हा जमा होईल, त्यावर उधारी केव्हा वसूल होईल आणि तोवर किती माल भरून ठेवावा, हे सारे अंदाजच. अंदाज चुकला तर व्यापारी तोटा सोसतो, कारण शोधतो आणि पुढच्या हंगामात हिशेब सुधारतो. वानगी पाहून माल घेतला आणि पोत्याच्या तळाशी वेगळेच निघाले, तर वानगी कोठून काढली होती एवढेच तो विचारतो. हीच शहाणी माणसे निवडणुकीच्या अंदाजापाशी आली की मात्र त्यांची रीत पालटते. तेथे अंदाज बरोबर की चूक, हे निकालाआधीच ठरते. आणि ठरते ते आपल्या पक्षाला त्यात किती जागा दिल्या आहेत यावरून.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीने याचे मोठे उदाहरण दिले. १९ एप्रिल ते १ जून असे सात टप्पे. हातकणंगले मतदारसंघात, म्हणजे जयसिंगपुरात, ७ मे रोजी मतदान झाले. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ अ नुसार शेवटच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध करता येत नाहीत. त्यामुळे पंचवीस दिवस साचलेली उत्सुकता १ जूनच्या संध्याकाळी एकदम फुटली. ‘ॲक्सिस माय इंडिया’ने राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३६१ ते ४०१ जागा दिल्या, तर ‘टुडेज चाणक्य’ने ४०० च्या आसपास. काँग्रेसने आदल्या दिवशी या चर्चांवर बहिष्कार जाहीर केला होता. १ जूनला तो मागेही घेतला. एका बाजूने पेढ्यांची तयारी केली, दुसऱ्या बाजूने हे आकडे विकत घेतलेले आहेत असे जाहीर केले. चाचणी कशी घेतली, हे विचारणारा विरळाच.

३ जूनला, सोमवारी, शेअर बाजार उघडला आणि सेन्सेक्स सुमारे अडीच हजार अंशांनी चढून ७६,४६८ वर बंद झाला. ४ जूनला मोजणी सुरू झाली आणि तोच निर्देशांक एका दिवसात सुमारे ४,३९० अंशांनी कोसळून ७२,०७९ वर आला. भाजपच्या जागा ३०३ वरून २४० झाल्या, आघाडी २९३ वर थांबली, विरोधी ‘इंडिया’ आघाडीला २३४ मिळाल्या. ‘ॲक्सिस’चे प्रमुख प्रदीप गुप्ता दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सर्वांदेखत रडले. ६ जूनला राहुल गांधींनी हा शेअर बाजारातील घोटाळा असल्याचा आरोप करून संयुक्त संसदीय समितीच्या चौकशीची मागणी केली. पीयूष गोयल यांनी तो आरोप फेटाळला.

या आकड्यांचा फटका गल्लीतल्या दुकानापर्यंत कसा पोहोचतो, हे येथील खते-बियाण्यांच्या एका दुकानात दिसले. दोघे भाऊ भागीदार. थोरला महाविकास आघाडीकडे झुकलेला, धाकटा भाजपचा कट्टर समर्थक. जूनचा आरंभ म्हणजे खरिपाच्या खतांची भरणी. त्यासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून धाकट्याने ३ जूनला, ‘चारशे पार’ गृहीत धरून, थोरल्याला न विचारता शेअर घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावरचा लाल रंग पाहून तो घाबरला आणि मिळेल त्या भावाला विकून मोकळा झाला. तीनच दिवसांनी, ७ जूनला, सेन्सेक्स पुन्हा ७६ हजारांच्या वर गेला होता. पण हे शेअर हातातून गेले होते.

पैशाचा तोटा मोठा होता, तरी भरून निघण्यासारखा होता. त्याहून जिव्हारी लागले ते शब्द. थोरला त्या दिवशी आपल्या बाजूच्या यशाने इतका हरखला होता की, धाकट्याचे उतरलेले तोंड त्याला दिसलेच नाही. “तुझ्या विकाऊ चॅनेलांनीच तुला बुडवलं,” असे तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. धाकट्याने उलट उत्तर दिले, “दादा, तुम्हाला घरातल्या नुकसानीचाही आनंदच होतोय.” त्यानंतर कित्येक दिवस दोघांमधला व्यवहार नोकराकरवी चालला. गल्ल्यावर बसून सारे पाहणारे वृद्ध वडील, ज्यांना घरात सारे आप्पा म्हणतात, त्यांनी बाजू कोणाचीच घेतली नाही.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. २० तारखेला मतदान, २३ला निकाल. बहुतेक संस्थांनी महायुतीला पुढे ठेवले होते, काहींनी लढत अटीतटीची म्हटली होती. पण प्रत्यक्षात भाजप १३२, शिवसेना ५७ आणि राष्ट्रवादी ४१ अशा २३० जागा येतील असे प्रमुख संस्थांपैकी कोणीच म्हटले नव्हते. महाविकास आघाडीच्या तिन्ही प्रमुख पक्षांना मिळून ४६ जागा मिळाल्या. आता भूमिका अदलाबदल झाल्या. जूनमध्ये ‘खोट्या प्रचाराने मते फिरवली’ म्हणणारे आता ‘जनतेचा कौल शिरोधार्य’ म्हणू लागले. जूनमध्ये लोकशाही जिंकल्याचे सांगणारे मतदानयंत्राकडे बोट दाखवू लागले. माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी तर मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन पाहण्याचा घाट घातला आणि प्रशासनाने तो थांबवला. जयसिंगपूरच्या त्या दुकानात थोरला यंत्रावर बोलत होता आणि धाकटा खतांच्या पावत्या लावताना मुद्दाम गुणगुणत होता.

तेव्हा आप्पांनी दोघांना समोर बसवले. ते म्हणाले, “जूनमध्ये अंदाज भाजपच्या बाजूने चुकला. आत्ता तो भाजपच्या विरुद्ध चुकला. अंदाजवाले विकले गेले म्हणता, तर ते दोन्ही वेळा कोणाला विकले गेले, ते मला सांगा.” दोघेही गप्प राहिले. मग त्यांनी एक जुनी वही काढली आणि यापुढे कोणतीही निवडणूक असो, निकालाआधी दोघांनी आपापला आकडा, त्याचे कारण आणि कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला त्याचे नाव तारखेसह लिहावे, असे ठरवून दिले. दुकानाच्या पैशाला मात्र कोणाच्याही अंदाजावर हात लागणार नव्हता.

आप्पांच्या प्रश्नाला इतिहासाचा आधार आहे. २००४ साली ‘शायनिंग इंडिया’च्या प्रचारात बहुतेक चाचण्यांनी वाजपेयी सरकार पुन्हा येईल असे सांगितले, भाजपला १३८ आणि काँग्रेसला १४५ जागा मिळून सरकार बदलले. २०१४ साली बहुतेकांनी मोदी लाटेचा जोर कमी मोजला. ३३६ च्या निकालाजवळ गेली ती ३४० म्हणणारी ‘टुडेज चाणक्य’. २०१९ साली ‘ॲक्सिस’ने ३३९ ते ३६५ म्हटले आणि आघाडीला ३५३ मिळाल्या. त्या वेळी ज्यांनी या संस्थांना डोक्यावर घेतले आणि ज्यांनी शिव्या दिल्या, त्यांच्या जागा पुढे बदलल्या. संस्था, पद्धत आणि माणसे बव्हंशी तीच होती.

मग अंदाज चुकतात का? पहिले कारण वानगीचे. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ साली सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून रूझवेल्ट हरणार असे सांगितले; ते ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते ते दूरध्वनी असणाऱ्यांच्या आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून. मंदीच्या काळात टेलिफोन आणि मोटार असणारा मतदार म्हणजे पोत्याचा वरचा थर. वानगी वरूनच काढली तर पोती हजार तपासूनही उपयोग नसतो. ‘ॲक्सिस’नेही २०२४ मध्ये पाच लाखांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले होते. पण दारात आलेल्या अनोळखी माणसाला कोण मोकळेपणाने बोलतो आणि कोण सावधपणे गप्प राहतो किंवा त्याला आवडेल तेच सांगतो, हे संख्येने सुटत नाही.

दुसरे कारण मतांचे जागांत रूपांतर करण्याचे. २०१९ मध्ये भाजपला ३७.३६ टक्के मते होती, २०२४ मध्ये ३६.५६. फरक एका टक्क्याहूनही कमी, आणि जागा मात्र ६३ ने घटल्या. महाराष्ट्रातही लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचेही अंतर नव्हते. जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. मतांचा अंदाज जवळपास बरोबर येऊनही जागांचा पार चुकू शकतो तो यामुळे. चाचणीतल्या दोन-तीन टक्क्यांच्या नेहमीच्या चुकीत येथे सरकारेच्या सरकारे बदलतात.

तिसरे कारण स्थानिक. जयसिंगपूरच्या आसपासचे तीन मतदारसंघ पाहिले तरी पुरे. कोल्हापुरात काँग्रेसचे शाहू छत्रपती निवडून आले. शेजारच्या सांगलीत अपक्ष विशाल पाटील एक लाखाहून अधिक मतांनी जिंकले आणि महाविकास आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. हातकणंगल्यात शिंदे यांच्या शिवसेनेचे धैर्यशील माने अवघ्या १३,४२६ मतांनी निवडून आले. येथे राजू शेट्टी स्वतंत्र लढत होते आणि त्यांना पावणेदोन लाखांहून अधिक मते पडली. २००९ आणि २०१४ मध्ये याच शेट्टींना जनतेने दिल्लीला पाठवले होते. ऊस परिषदेला जयसिंगपुरात जमणारी गर्दी पाहून कोणी त्यांचा विजय गृहीत धरला असता, तर तोही फसला असता. एका तासाच्या अंतरातल्या तीन मतदारसंघांनी तीन वेगळी उत्तरे दिली. दिल्लीच्या स्टुडिओतल्या एका आकड्यात ती मावणार नव्हती.

याचा अर्थ माध्यमांत पक्षपात नाही, असा नव्हे. तो आहे, आणि महाराष्ट्राला तो चांगलाच परिचयाचा आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आला; पी. साईनाथ यांनी तो उजेडात आणला आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी पोहोचला. ‘सामना’ हे पक्षाचे मुखपत्र आहे. ‘लोकमत’च्या दर्डा कुटुंबातील सदस्य काँग्रेसकडून संसदेत आणि राज्याच्या मंत्रिमंडळात होते, ‘सकाळ’ पवार कुटुंबाकडे आहे, ‘एनडीटीव्ही’ २०२२च्या अखेरीस अदाणी समूहाकडे गेली. मालक कोण, जाहिरात कोणाची, कोणती बातमी दाखवली आणि कोणती गाळली, हे प्रश्न वाचकाने विचारलेच पाहिजेत. अडचण एवढीच की, ते बहुधा नावडत्या वाहिनीलाच विचारले जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये विरोधी आघाडीने चौदा निवेदकांवर बहिष्कार टाकला, तेव्हा तिचे समर्थक आनंदले. दुसरी बाजू आपल्या टीकाकारांना वर्षानुवर्षे देशविरोधी ठरवते, तेव्हा तिचे समर्थक आनंदतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘सीएसडीएस’चे संजय कुमार यांनी महाराष्ट्रातील मतदारसंख्येचे चुकीचे आकडे समाजमाध्यमावर दिले, आणि चूक लक्षात येताच ते काढून जाहीर माफी मागितली. काल ते आकडे डोक्यावर घेऊन नाचणारे माफीबद्दल गप्प बसले. काल संस्थेच्या अनुकूल चाचण्या मिरवणाऱ्यांनी तिचे सारे जुने कामच खोटे ठरवले. हिशेबात चूक सापडली आणि मुनीमाने ती कबूल केली, तर व्यापारी ती दुरुस्त करून घेतो आणि पुढे अधिक बारकाईने तपासतो. त्या एका चुकीसाठी तो मागच्या सगळ्या वह्या जाळत नाही, आणि चूक आपल्या फायद्याची होती म्हणून ती तशीच ठेवतही नाही.

कोणत्याही चाचणीला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. किती लोकांना, कोठे, केव्हा विचारले? पैसे कोणी दिले? चुकीची मर्यादा किती सांगितली? मागील तीन निवडणुकांत याच संस्थेचा अंदाज किती जुळला? आवडता आकडा आला तरी हेच विचारायचे, नावडता आला तरी हेच. ज्या आकड्याला उत्तरे नाहीत, तो फलोदीच्या सट्ट्याच्या नावाने फिरणाऱ्या आकड्याइतकाच भरवशाचा मानावा आणि त्यावर घरचा पैसा लावू नये.

जयसिंगपूरच्या दुकानाला हे सोपे जायला हवे. खताचे पोते घेणारा शेतकरी शेट्टींच्या संघटनेचा असो, धनुष्यबाणाचा असो, मशालीचा असो वा कमळाचा, काट्यावर त्याचे वजन सारखेच भरते. नाही भरले तर दुकान टिकत नाही. निवडणूक पाच वर्षांनी येते आणि मधल्या काळात नगरपालिकेपासून कारखान्यापर्यंत बाकीच्या येतच राहतात. भाऊ, भागीदार आणि शेजारी मात्र रोजचेच आहेत. त्यांच्याशी बोलताना बातमीसाठीही दुकानातलाच काटा वापरला, तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी शटर उघडताना कोणालाही मान खाली घालावी लागणार नाही.