चालू स्थितीत, जीर्णोद्धारासाठी

जुनी मोटार विकायला काढणाऱ्याला सर्वप्रथम शब्दाची निवड करावी लागते. ती 'चालू' आहे म्हणावे, तर मराठीत त्या शब्दाला धूर्तपणाचा वास येतो. नुसतीच 'जुनी' म्हणावे, तर भंगारवाला दाराशी येऊन उभा राहतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६०च्या दशकात तयार झालेल्या फियाट ११०० डीचा मालक ती 'चालू स्थितीत, परंतु जीर्णोद्धारासाठी' विकू पाहतो, तेव्हा तो या दोहोंमधली अवघड जागा पत्करीत असतो.

इंजिनाचे चालणे ही अपुरी ग्वाही होय. १०८९ सी.सी.चे हे चार सिलिंडरांचे यंत्र मोठे सोशिक. कार्बुरेटर साफ केला, प्लग पुसले, की ते बहुधा पुन्हा बोलू लागते. परंतु या मोटारीला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याची कायाच सारा भार वाहते. समोरच्या काचेच्या सुकलेल्या रबरातून झिरपणारे पावसाचे पाणी चटईखाली मुरते, तळाचा पत्रा आणि दारांखालचे उंबरठे कुरतडते. मग हा त्वचेचा रोग राहत नाही, तो हाडांपर्यंत पोचतो. वरून रंग चकाकत असतो, इंजिन गुणगुणत असते. फक्त दार लावताना ते किंचित उचलून धरावे लागते. खरे निदान त्या उचलण्यात असते.

विक्रेत्याची कसोटी येथेच लागते. गंजाच्या भोकांत लांबी भरून, घासून, वर रंगाचा हात दिला, तर चार पैसे अधिक पदरात पडतात. जीर्णोद्धारासाठी विकणारा मात्र स्वतःच चटई उचलतो. गिऱ्हाइकाच्या हाती लोहचुंबक देतो आणि तो जेथे चिकटत नाही, तेथे आत पत्रा उरलेला नाही, हे निमूटपणे पाहू देतो. वैगुण्य उघड करून किंमत कमी करून घेणारा हा व्यवहार बाजाराच्या रीतीला सोडून आहे.

जीर्णोद्धार म्हणजे नवे करणे नव्हे. कोरीव पाषाणावर तैलरंग चढवून मंदिराचा 'उद्धार' करणारी हौस आपल्या गावोगावी दिसते. मोटारींच्या वाट्यालाही ती येते. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील खासगी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली; तिथेही मूळ स्वरूप राखण्याचीच अट आहे.

मग चालत्या गाडीचा निरोप का घ्यावा? कारण चालती गाडी आपली दुखणी स्वतः सांगते. गिअर टाकताना होणारी कुरकुर, ब्रेक दाबताच एका अंगाला घेतलेली ओढ नव्या मालकाला उमगू शकते. बंद पडून सुट्या झालेल्या गाडीचे आधी बोल्ट हरवतात, मग पट्ट्या, आणि शेवटी तिला पुन्हा उभे करण्याची इच्छा. वयामुळे वा ऐपतीमुळे हे काम आपल्या हातून तडीस जाणार नाही, हे वेळेवर ओळखणे हा पराभव नव्हे. पुष्कळ गाड्या 'पुढच्या वर्षी' या आशेवरच अंगणात मातीला मिळाल्या आहेत.

हस्तांतरणाचे २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने भरले, सह्या झाल्या, की मालकी संपते. वाहनासोबत एक अपुरे कर्तव्यही दुसऱ्याच्या स्वाधीन झालेले असते. त्यासाठी मात्र कोणताही नमुना नाही. ते घेणाऱ्याने शब्दावर घ्यावयाचे असते. म्हणूनच देणाऱ्याचा शब्द खरा असावा लागतो.