चित्रांची सुट्टी

काशीला जाऊन आलेल्या माणसाला सगळे ठरलेले प्रश्न विचारतात. विश्वनाथाचं दर्शन नीट झालं का? गंगेची आरती पाहिली का? गंगाजल आणलं का? दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काशीला गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, माझी आई आणि सहावीत शिकणारी माझी भाची सई. आईला विश्वनाथ पाहायचा होता, मला घाट पाहायचे होते आणि सईला? तिला पाहायचं होतं एक चित्र!

झालं असं, की वाचनालयातल्या एका पुस्तकात सईनं एक लघुचित्र पाहिलं होतं. काळ्या ढगांत वीज चमकतेय, पावसात गाई अंग चोरून उभ्या आहेत आणि झाडाखाली कृष्ण. चित्राखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘भारत कला भवन, वाराणसी’. झालं! नाशिकरोडला महानगरी एक्सप्रेसमध्ये बसल्यापासून तिचं एकच टुमणं. “मावशी, ते चित्र खरंखुरं बघायचं हं!”

तिसऱ्या दिवशी सकाळी ई-रिक्षा करून आम्ही लंका नावाच्या भागात गेलो. दचकू नका, ही रावणाची लंका नव्हे! वाराणसीतल्या एका गजबजलेल्या वस्तीचं नाव लंका आहे. तिथेच बनारस हिंदू विद्यापीठाचं भलं मोठं सिंहद्वार लागतं. पंडित मदनमोहन मालवीय यांनी 1916 मध्ये स्थापन केलेलं हे विद्यापीठ. आत शिरलं, की बाहेरचे भोंगे, गर्दी, धूळ सगळं मागे राहतं. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना जुनी झाडं आणि सायकलवरून वर्गाला निघालेले विद्यार्थी. याच आवारात भारत कला भवन आहे. विद्यापीठाचं स्वतःचं कलासंग्रहालय!

तुम्ही म्हणाल, विद्यापीठात वर्ग असतात, ग्रंथालय असतं, प्रयोगशाळा असतात. संग्रहालय कशाला? अहो, रसायनशास्त्राच्या मुलांना जशी प्रयोगशाळा, तसं कला आणि इतिहास शिकणाऱ्यांना संग्रहालय. मूर्तीचा फोटो पुस्तकात पाहणं वेगळं आणि तिच्याभोवती फिरून तिची पाठ पाहणं वेगळं. संग्रहालय कसं चालवावं, वस्तू कशा जपाव्यात, याचं शिक्षणही या विद्यापीठात मिळतं.

या कला भवनाची गोष्ट मोठी छान आहे. बनारसमध्ये राय कृष्णदास नावाचे एक रसिक गृहस्थ होते. हिंदीतले नावाजलेले लेखक, घरचे श्रीमंत. पण पैसा त्यांनी खर्च केला तो जुनी चित्रं, मूर्ती, वस्त्रं आणि नाणी गोळा करण्यावर. त्या काळी कितीतरी घराण्यांत अशा वस्तू पडून होत्या. कोणी त्या मातीमोलानं विकत होतं, कोणाकडे वाळवी खात होती, तर काही जहाजात बसून परदेशी चालल्या होत्या. राय कृष्णदासांना हे बघवेना. 1920 मध्ये त्यांनी हा संग्रह उभा करायला सुरुवात केली. त्या संस्थेचे पहिले अध्यक्ष कोण होते, सांगा पाहू? रवींद्रनाथ टागोर! पुढे 1950 मध्ये हा सारा संग्रह विद्यापीठाकडे आला. एखादं खेळणं मित्राला द्यायचं म्हटलं तरी आपल्या जिवावर येतं. या माणसानं तर जन्मभर जमवलेलं सगळं सगळ्यांसाठी देऊन टाकलं. आज इथं एक लाखाहून जास्त वस्तू आहेत.

त्यांची आणखी एक हकीकत ऐका. 1939-40 च्या सुमारास काशी रेल्वे स्टेशनजवळ राजघाटला रेल्वेच्या कामासाठी खोदाई चालू होती. माती उपसताना मजुरांना भाजक्या मातीच्या लहान लहान मूर्ती, मुद्रा, मणी सापडू लागले. दुसऱ्या कोणी ते ढिगाऱ्यात टाकून वर रूळ घातले असते. पण राय कृष्णदासांनी त्यातल्या जमतील तितक्या वस्तू संग्रहासाठी मिळवल्या. मग पुरातत्त्व खात्यानं तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं आणि जुन्या काशीनगरीचे अवशेष उजेडात आले. राजघाटच्या त्या मातीच्या चेहऱ्यांच्या केशरचना पाहाच! कोणाचे कुरळे केस, कोणाचा अंबाडा, कोणाचा मधोमध भांग. सई म्हणाली, “मावशी, यांच्याकडे पार्लर होतं वाटतं!”

आम्ही आधी मूर्तींच्या दालनात शिरलो. समोरच गोवर्धन पर्वत उचलणारा कृष्ण! गुप्तकाळातला, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा. पाषाणाची ही मूर्ती वाराणसीतच सापडली. एवढा पर्वत पेललाय, पण कुठे ओढाताण नाही. आईनं तर नकळत हात जोडले. जवळच मोरावर बसलेला कार्तिकेय आहे. मोराचा पिसारा त्याच्यामागे प्रभावळीसारखा पसरलाय. त्याच्या गळ्यात काय आहे, ओळखा! वाघनखांची माळ. लहान मुलांना दृष्ट लागू नये म्हणून पूर्वी अशी माळ घालत. म्हणजे शिल्पकारानं शब्दही न लिहिता सांगून टाकलं, की हा देवांचा सेनापती असला तरी अजून लहान मुलगाच आहे.

सईचा सगळा जीव मात्र चित्रांत. ती जवळजवळ पळतच चित्रांच्या दालनात गेली. इथं उजेड मंद होता. मुघल, राजस्थानी, पहाडी शैलींची हाताएवढी चित्रं काचेमागे मांडलेली. एक भिंत झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. पावसातल्या गाई काही दिसेनात. सईचा चेहरा उतरला. शेवटी तिनं तिथल्या एका वयस्कर कर्मचाऱ्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं. ते हसून म्हणाले, “बिटिया, वह चित्र अभी आराम कर रहा है।”

चित्र विश्रांती घेतंय? ही काय थट्टा! पण ती थट्टा नव्हती. त्यांनी समजावून सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगते.

ही लघुचित्रं जाड कागदावर काढलेली असतात. कागदाचे अनेक थर एकमेकांना चिकटवायचे, गुळगुळीत दगडानं घोटायचे आणि मग खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्यानं रंगवायचं. निळा रंग अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा, लाल हिंगुळाचा, काळा काजळीचा आणि पिवळा हरताळाचा. ‘केलेल्या कामावर हरताळ फासला’ असं आपण म्हणतो ना? तोच हा विषारी हरताळ! पोथी लिहिताना अक्षर चुकलं, की त्यावर हरताळ फासून ते झाकून टाकत. याशिवाय झाडापानांपासून काढलेले रंगही असत.

या कागदाचा आणि यातल्या बऱ्याच रंगांचा शत्रू कोण? तर उजेड! उजेड मोजायचं एकक आहे लक्स. भर दुपारी उन्हात जवळजवळ एक लाख लक्स उजेड असतो. कागदावरच्या नाजूक चित्रांना मात्र साधारण 50 लक्सच द्यावा, असा संग्रहालयांचा दंडक आहे. तरीही रोज थोडा थोडा उजेड साठत जातो आणि रंग फिकट होतात, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून काही महिने चित्र मांडायचं, मग उतरवून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवायचं आणि त्याच्या जागी दुसरं लावायचं. जगभरची कलासंग्रहालयं हेच करतात. म्हणूनच त्यांच्याकडे हंगामा-हंगामाला नवी प्रदर्शनं भरतात. कधी पावसाळ्याची चित्रं, कधी रामायणाची, कधी एकाच चित्रकाराची. त्यांच्या जोडीला व्याख्यानं होतात, मुलांसाठी चित्रकलेच्या कार्यशाळा होतात. 18 मे हा जागतिक संग्रहालय दिन तर खास साजरा करतात. पाषाणाच्या कृष्णाला उजेडाची भीती नाही, त्यामुळे त्याला सुट्टीही नाही!

“मग सुट्टीत चित्राचा गेलेला रंग परत येतो का?” सईनं विचारलं.

“नाही बिटिया. गेलेला रंग परत येत नाही. आहे तो जास्त दिवस टिकतो, इतकंच.”

सई गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, “म्हणजे ते मी आज पाहिलं नाही, म्हणून पुढे कोणीतरी पाहील?”

मुलांनो, मी वर्गात रोज शिकवते, पण त्या दिवशी सईनं मला शिकवलं. जपायचं म्हणून वस्तू कायम कुलपात ठेवली, तर ती असून नसल्यासारखी. आणि सगळ्यांना दाखवायची म्हणून कायम उजेडात ठेवली, तर ती हळूहळू संपणार. या दोन्हींचा मेळ घालणं हेच संग्रहालयाचं खरं काम.

मला एक गोष्ट आठवली आणि लाज वाटली. आमच्या आजोळी लाल फडक्यात बांधलेली एक हस्तलिखित पोथी होती. मी चौथीत असताना घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. पोथीच्या कडा कुरतडलेल्या, पानं सुटलेली. “आता कोण वाचतंय?” असं म्हणून आम्ही ती रद्दीत घातली. तराजूत टाकायला मीच ती उचलून दिली होती. त्या पानांवर पिवळे डाग होते. ते हळदीचे आहेत, असं मला तेव्हा वाटलं. हरताळ असेल का तो? आता कसं कळणार! आमच्या घरात राय कृष्णदास नव्हते.

तुमच्या घरात ते काम तुम्ही करू शकता. त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही. आजी-आजोबांना विचारून एक जुनी वस्तू निवडा. ती कोणाची, कुठून आली, कशासाठी वापरत, हे कागदावर लिहून तारीख घाला. कागद वस्तूसोबत ठेवा. आणि हो, एक प्रयोगही करा. रंगीत घोटीव कागदाचा एक तुकडा घ्या. त्याच्या अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा बांधा आणि तो उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवा. मग पुठ्ठा काढून पाहा. चित्रं सुट्टीवर का जातात, ते सांगायला बाईंची गरजच पडणार नाही.

आईबाबांनो, पुढच्या सहलीत दोन तास संग्रहालयासाठी नक्की राखून ठेवा. काशीपर्यंत जायलाच हवं असं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातही पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे.

निघताना सईनं दाराशी वळून पाहिलं आणि त्या काकांना हात केला. गाडीत बसल्यावर म्हणाली, “मावशी, आपण परत येऊ हं. तोवर त्या गाई आराम करू देत.”