संख्येचे सीमोल्लंघन

रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, महापे-ऐरोलीकडे, आता संगणकसेवांच्या इमारतीही दाटीने उभ्या आहेत. तेथेच बसून, बँकांचे कोबोलमध्ये लिहिलेले जुने हिशेब आणि नव्या भाषांतले प्रोग्राम यांच्यात आकड्यांची देवघेव बिनचूक राखणे हा माझा व्यवसाय आहे. संख्या ही सर्व भाषांची सामाईक मालमत्ता, तेव्हा तिच्या प्रवासाची चिंता कशाला, असे पुष्कळांना वाटते. परंतु एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे संख्या अशी जातच नाही. जातात ते केवळ बाइट, आणि त्यांचा अन्वयार्थ घेणारा आपापल्या वहिवाटीप्रमाणे लावतो.

बारा हजार तीनशे पंचेचाळीस रुपये सदुसष्ट पैसे ही रक्कम पाहा. कोबोलच्या कॉम्प-३ या मांडणीत अर्ध्या बाइटला एक अंक आणि अखेरच्या अर्ध्यात धन-ऋण चिन्ह, अशी ती चार बाइटांत बसते: १२ ३४ ५६ ७सी. तेच चार बाइट सी भाषेच्या प्रोग्रामने बत्तीस बिटांचा साधा पूर्णांक समजून उचलले, तर मेनफ्रेमच्या क्रमाने वाचताना ३०,५४,१९,९०० आणि इंटेलच्या उलट्या क्रमाने वाचताना २,०८,६०,२४,२१० हा आकडा हाती येतो, आणि दोन्ही वेळा यंत्र निमूटपणे पुढे जाते. ही निमूट संमतीच मला सर्वाधिक भयावह वाटते, कारण जेथे तक्रार नाही तेथे तपासणीही होत नाही.

फोरट्रान सामान्यतः मूल्याऐवजी त्याचा पत्ता देते आणि कोष्टक स्तंभांनुसार साठवते, तर सी ओळींनुसार. त्याची शिस्त एकदा अंगी बाणली की पुरते. पैशांचे तसे नाही. द्विमान अपूर्णांकात रुपयाचा शंभरावा भाग अचूक मावत नाही. जुन्या चलनातला आणा रुपयाचा सोळावा आणि पैसा चौसष्टावा भाग असल्याने ते दोन्ही तंतोतंत मावले असते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि माणसांची सोय झाली, यंत्राची मात्र अडचण! जावास्क्रिप्टचा नेहमीचा अंक तर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही, त्यामुळे सोळा-सतरा अंकी व्यवहारक्रमांकाचा शेवटचा अंक वाटेतच बदलू शकतो.

म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की प्रोग्रामची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी उभय पक्षांचा करारनामा लेखी करावा आणि त्यात अंकांची रुंदी, चिन्ह, एकक व बाइटांचा क्रम नमूद करावा; ऋण, शून्य आणि कमाल अशा तिन्ही रकमा पाठवून, त्या परत मागवून रुजुवात घ्यावी; रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून न्यावी; आणि ज्या क्रमांकांची बेरीज कोणी कधी करणार नाही, ते खुशाल मजकूर म्हणून पाठवावेत.