हागारची सुट्टी

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. त्या उन्हाळ्यात जेम्स कोन हे तरुण प्राध्यापक आर्कान्सातल्या लिटल रॉकला, आपल्या भावाच्या चर्चमध्ये जाऊन बसले आणि झपाटल्यासारखं त्यांनी एक पुस्तक लिहून काढलं. ‘ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर’ १९६९ साली बाहेर आलं. काळ्या माणसाला झाडाला लटकवून मारणारे लोक रविवारी ज्या देवापुढे गुडघे टेकतात तो देव नेमका कुणाचा, हा प्रश्न त्यांनी गोऱ्या धर्मपंडितांना तोंडावर विचारला.

कोन यांचं स्वतःचं उत्तर स्पष्ट होतं. देव तटस्थ नाही. इजिप्तमध्ये तो राजाच्या, फारोच्या नव्हे, वेठीला धरलेल्यांच्या बाजूनं उभा राहिला. रोमन साम्राज्य गुलामांना आणि बंडखोरांना ज्या क्रुसावर मारत असे, त्याच क्रुसावर ख्रिस्त मेला. म्हणून अमेरिकेत ख्रिस्ताला शोधायचं तर काळ्यांच्या वस्तीत जायला हवं. २०११ च्या ‘द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री’मध्ये त्यांनी क्रूस आणि फाशीचं झाड शेजारी-शेजारी ठेवून हाच विचार पुढे नेला.

मी हा विषय कुवेतमध्ये राहून अभ्यासते. या अमेरिकन विचाराचं आखाताशी काय नातं, असं मला नेहमी विचारलं जातं. हे नातं समुद्राचं आहे. तेल सापडण्याआधी कुवेत मोत्यांवर जगत होतं. पाणबुडा नाकाला चिमटा लावून, पायाशी दगड घेऊन तळाशी जाई आणि होडीतला जोडीदार दोरानं त्याला वर ओढून घेई. या दोघांच्या जागी कितीदा तरी पूर्व आफ्रिकेतून पळवून आणलेला गुलाम असे. जीव त्याचा धोक्यात, मिळकत मालकाच्या खिशात. ते मोती विकायला येत मुंबईच्या बाजारात. कुवेतमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती १९४९ साली.

याच समुद्रात ब्रिटिश नौदलानं गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतली बरीच पुढे नाशिकजवळ शरणपूरला पोचली. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी १८५० च्या दशकात ही वस्ती उभी केली होती. तिथं मुलं लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यापैकीच. १८७३ मध्ये मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्यानं वाचली, झाडाच्या खोडावर त्यांचं नाव कोरलं आणि पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदाही दिला.

गोऱ्या साहेबाशी इमान राखणारा म्हणून इतिहास जेकबला ओळखतो. मला मात्र शरणपूरचा दुसरा विद्यार्थी अधिक महत्त्वाचा वाटतो. विल्यम जोन्स मोम्बासाजवळच्या राबई इथं गेला आणि १८८० च्या दशकात तिथल्या मंडळीचा कारभार त्याच्याकडे आला. आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबईला येऊ लागले. मालक चवताळले. पळपुट्यांना थारा देऊ नये, असा मिशनच्या वरिष्ठांचा आग्रह होता. तरीही राबईत माणसं येत राहिली, झोपड्या वाढत राहिल्या. १८८८ मध्ये प्रकरण हातघाईवर आलं, तेव्हा ते निस्तरायला म्हातारे प्राइस पुन्हा आफ्रिकेत होते. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीनं मालकांना भरपाई दिली आणि सुमारे १,४०० माणसांना मुक्तीचे कागद मिळाले. स्वतः गुलामीतून सुटलेल्या माणसाला दारात उभ्या असलेल्या पळपुट्याबद्दल धर्म काय सांगतो, हे पुस्तकात शोधावं लागलं नसणार. कोन यांच्या ऐंशी वर्षं आधीची ही ब्लॅक थिऑलॉजी आहे, आणि तिची एक शाळा गोदावरीकाठी भरत होती.

महाराष्ट्राला हा धागा परका नाहीच. लिव्हिंग्स्टन वारले त्याच १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. पुढे १९८१ मध्ये बंगळुरूला अरविंद निर्मल यांनी दलितांच्या धर्मशास्त्राची पहिली मांडणी केली. दुःख ज्याचं, देवाविषयी बोलण्याचा पहिला अधिकारही त्याचाच, हे सूत्र तिथंही होतं.

तरीही आजच्या कुवेतसाठी मला कोन अपुरे वाटतात, आणि मी काळ्या स्त्री-धर्मपंडित डेलोरेस विल्यम्स यांच्याकडे वळते. १९९३ च्या ‘सिस्टर्स इन द विल्डरनेस’मध्ये त्यांनी कोन यांच्या पिढीतल्या पुरुषांना जाब विचारला : गुलामांना इजिप्तमधून सोडवून नेणाऱ्या मोशेची गोष्ट तुम्ही सांगता, पण हागारचं काय? हागार म्हणजे बायबलमधल्या अब्राहामाच्या घरातली इजिप्शियन दासी. मालकिणीच्या जाचाला कंटाळून ती पळते, तर देवदूत तिला परत जायला सांगतो. पुढे तिला मुलासकट वाळवंटात घालवून देतात. देव तिच्यासाठी समुद्र दुभंगत नाही, तो तिला पाण्याची विहीर दाखवतो. ही मुक्ती नव्हे, पण जगायची सोय आहे; आणि काळ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाकडून हेच मिळवलं, असं विल्यम्स म्हणतात. मुसलमानांची हाजर हीच. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये तिनं पाण्यासाठी केलेली धावाधाव हज यात्रेत लाखो लोक आजही करतात. एका दासीची तगमग दोन धर्मांनी जपली आहे.

कुवेतमध्ये चर्चची मुख्य उपासना सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी असते. इथिओपियाच्या, केनियाच्या घरकाम करणाऱ्या बायका, म्हणजे आजच्या हागार, त्या दिवशी पांढरी शाल पांघरून, ठेवणीतले कपडे घालून येतात. ज्यांना सुट्टी मिळत नाही, त्या येत नाहीत. २०१५ च्या ६८ क्रमांकाच्या कायद्यानं घरकामगारांना आठवड्याची सुट्टी दिली, दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली, संमतीशिवाय पासपोर्ट ठेवून घ्यायला मनाई केली. पाठोपाठ २०१६ मध्ये किमान पगार ६० दिनार ठरला. पण कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो, आणि उंबऱ्याआत घर कुणाचंही असू शकतं. कुवेती, लेबनीज, मराठीसुद्धा.

म्हणून आखातातल्या माझ्या मराठी वाचकांना मी हेच सांगेन. आपण ख्रिस्ती असू, बौद्ध असू, वारकरी असू. आपल्यातल्या बहुतेकांनी दबलेल्यांच्या बाजूनं उभा राहणारा धर्म वारशानं घेतला आहे. तो खरा आहे की नाही, हे आपल्याच स्वयंपाकघरात ठरतं. तिथं राबणाऱ्या बाईचा पासपोर्ट तिच्या ताब्यात द्या, तिचा पगार ठरल्या तारखेला करा, आणि शुक्रवारी तिला जिथं जायचं असेल तिथं जाऊ द्या.