शाळांचे मोठे साहेब राहावेत की जावेत? पालकांनाही विचारा ना!

तुमच्या मुलांच्या वर्गशिक्षिकेचं नाव तुम्हाला नक्की माहीत असेल. मुख्याध्यापकांचंही माहीत असेल. शाळेच्या रिक्षावाल्या काकांचा तर मोबाइल नंबरसुद्धा पाठ असेल. आता सांगा, तुमच्या शहरातल्या सगळ्या सरकारी शाळा ज्यांच्या सहीवर चालतात, त्या अधिकाऱ्यांचं नाव काय? त्यांची मुदत कधी संपते? आणि ती वाढवायची की त्यांना निरोप द्यायचा, हे कोण ठरवतं?

‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून लेख बंद करू नका. ज्या घरातलं एक तरी मूल सरकारी शाळेत जातं, त्या घरासाठी हा घरचाच प्रश्न आहे.

आमच्याकडे तर तो जेवताना निघतो. मी चंदीगडला एका कंपनीत कंटेंट रायटर आहे आणि ताई-भाओजींकडे राहते. भाची सई पाचवीत आहे, सरकारी शाळेत. ताई त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. आणि सुट्टीत गावाहून येणारे आमचे बाबा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. एक शिकणारी, एक प्रश्न विचारणारी आणि एक आयुष्यभर शिकवलेले. मग वरण थंड होईपर्यंत वाद चालणारच!

एक शहर, एक खुर्ची

चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश. क्षेत्रफळ जेमतेम ११४ चौरस किलोमीटर आणि जिल्हा एकच. इथे विधानसभा नाही, त्यामुळे शिक्षणमंत्रीही नाही. पंजाबचे राज्यपाल हेच इथले प्रशासक. त्यांच्या हाताखाली शिक्षण सचिव, आणि शंभराहून अधिक सरकारी शाळांचा रोजचा कारभार बघणारे शालेय शिक्षण संचालक. शिक्षकांच्या बदल्या, प्रवेशाचं वेळापत्रक, वर्गखोल्या, दोन पाळ्यांच्या शाळा, सगळे कागद त्यांच्या टेबलावरून जातात.

अमेरिकेत प्रत्येक ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’चा एक सुपरिंटेंडेंट असतो. ठराविक वर्षांच्या करारावर नेमलेला, त्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळांचा प्रमुख. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी खुर्ची शोधायची तर चंदीगडच्या संचालकांचीच डोळ्यांसमोर येते. कारण इथे अख्खं शहर म्हणजे एकच शाळा-जिल्हा.

या खुर्चीवर अनेकदा पंजाब किंवा हरियाणाच्या नागरी सेवेतले अधिकारी प्रतिनियुक्तीवर येतात. प्रतिनियुक्ती म्हणजे सोप्या भाषेत उसनवारी. एक राज्य आपला माणूस ठराविक मुदतीसाठी देतं. मुदत संपली की तो परत जातो, नाहीतर मुदत वाढते. ही फाइल कार्यालयांतून फिरते, निर्णय होतो, आणि पालकांना तो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळतो. कळला तर!

आता गंमत बघा. याच शाळांमध्ये कंत्राटी शिक्षकही शिकवतात आणि करार पुढे चालू राहील की नाही, याची धाकधूक त्यांच्या कायम मनात असते. त्यांच्या वर्गाचा निकाल काय लागला, हजेरी किती, याची चौकशी सगळे करतात. वरच्या खुर्चीच्या कामाची चौकशी मात्र पालकांकडे कुणी करत नाही.

तीन वर्षांचं घड्याळ

बाबा म्हणतात, “साहेब चांगला असला की तीन वर्षं भुर्रकन संपतात, आणि नसला की संपता संपत नाहीत.”

महाराष्ट्रात बदल्यांसाठी २००५ चा कायदा आहे. त्यानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. मध्येच हलवायचं तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि वरून मंजुरी घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितलं, की सनदी अधिकाऱ्यांना एका जागी किमान ठराविक काळ मिळायला हवा. मग २०१४ मध्ये आयएएस अधिकाऱ्यांसाठी किमान दोन वर्षांचा नियम आला.

हे नियम कशासाठी? कुणाच्या तरी नाराजीमुळे चांगला अधिकारी रातोरात उचलला जाऊ नये म्हणून. ते हवेतच. पण मुदत पूर्ण झाल्यावर काय, याचं उत्तर त्यात मिळत नाही. तिथे बहुतेक वेळा कॅलेंडरच निर्णय घेतं.

बाबांच्या नोकरीच्या काळात एक साहेब आले होते. जिल्ह्याचं नाव नको सांगायला. त्यांनी रोजचा शेवटचा अर्धा तास वाचनाचा केला. कुलपातल्या पुस्तकांच्या पेट्या बाहेर आल्या. पहिलं वर्ष नुसता गोंधळ. दुसऱ्या वर्षी मुलं पानं उलटायला लागली. तिसऱ्या वर्षी काही मुलं ‘गुरुजी, हे घरी नेऊ?’ असं विचारायला लागली, आणि नेमकी तेव्हाच साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांचा उपक्रम नवा, त्याचं रजिस्टरही नवं. पेट्या पुन्हा कुलपात गेल्या.

“म्हणजे पहिल्या साहेबांना मुदतवाढ द्यायला हवी होती!” सई लगेच म्हणाली.

बाबा हसले. त्यांनी दुसऱ्या एका साहेबांची गोष्ट सांगितली. दौरे, हारतुरे, फोटो आणि रोज एक माहिती मागणारं पत्र. शिक्षक शिकवायचं सोडून तक्ते भरत बसायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजायचे. मुदतवाढ आपोआप मिळत असती तर त्यांनाही मिळाली असती. तेव्हा त्या शाळांना कॅलेंडरनेच वाचवलं.

म्हणून ‘सगळ्यांना वाढवून द्या’ हेही उत्तर नाही आणि ‘तीन वर्षं झाली, चला निघा’ हेही नाही. काम बघूनच ठरवायला हवं. प्रश्न एवढाच, की ते काम बघणार कोण आणि कसं?

कुमठ्याने काय शिकवलं?

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव तुमच्यापैकी शिक्षक असणाऱ्यांनी ऐकलं असेल. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे सोपवलेला शाळांचा गट. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली. वर्गाच्या फरशीवर आखलेले तक्ते, हाताळायला काड्या आणि खडे, गटात बसून शिकणारी मुलं. राज्यभरातून हजारो शिक्षक ते बघायला गेले. जून २०१५ मध्ये राज्य सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू केला, तेव्हा कुमठ्याचा दाखला वारंवार दिला जायचा.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. काम शिक्षकांच्या हातात उतरलं होतं. जे शिक्षक स्वतः तसं शिकवायला लागले, त्यांच्याकडून ते कुठल्याही बदलीच्या आदेशाने काढून घेता येत नाही. बाबांच्या शाळेतली वाचनाची अर्धा तासाची वेळ मात्र साहेबांच्या परिपत्रकावर उभी होती, म्हणून परिपत्रकाबरोबर गेली.

तेव्हा एखाद्या अधिकाऱ्याची मुदत वाढवावी का, हे ठरवताना माझा पहिला प्रश्न हा असेल: उद्या तुम्ही गेलात तर तुमचं काम कोण पुढे नेईल? यावर ज्यांच्याकडे चार मुख्याध्यापकांची नावं तयार आहेत, त्यांना काम पुरं करायला आणखी वेळ द्यायला माझी हरकत नाही.

न्यू जर्सीतली सुनावणी

माझी मामेबहीण न्यू जर्सीत राहते. तिची मुलंही सरकारी शाळेत जातात. तिथल्या कायद्यानुसार सुपरिंटेंडेंटचा करार तीन ते पाच वर्षांचा असतो आणि स्कूल बोर्डाने दरवर्षी त्यांच्या कामाचं मूल्यमापन करायचं असतं. चालू करारात बदल करायचा किंवा तो मुदतीआधीच वाढवायचा, तर ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि लोकांसमोर सुनावणी घ्यावी लागते. “मी उठून बोलले होते,” ती फोनवर सांगत होती, “दोनच मिनिटं मिळाली, पण बोलले.”

ऐकायला छान वाटतं, पण तिकडेही सगळं आलबेल नाही बरं का! शिकागोत पेड्रो मार्टिनेझ हे शाळांचे प्रमुख होते. पैशांच्या प्रश्नावरून त्यांचं आणि महापौरांचं बिनसलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिक्षण मंडळाच्या सातही सदस्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. महापौरांनी नवे सदस्य नेमले आणि त्या मंडळाने २० डिसेंबरला मार्टिनेझना करारातल्या ‘कारणाशिवाय’ या कलमाखाली काढलं. त्याच करारामुळे ते पुढे सहा महिने खुर्चीवर राहिले. म्हणजे राजकारण तिथेही आहे. फरक एवढाच, की जे झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. कोणी कुठल्या बाजूने मत दिलं, हे शिकागोतल्या पालकांना माहीत आहे.

पहिला नंबर कुणाचा?

तुम्ही म्हणाल, चंदीगडच्या शाळा तर चांगल्या आहेत, मग एवढा विचार कशाला? खरं आहे. केंद्र सरकारच्या शालेय कामगिरी निर्देशांकात २०२३-२४ साली १००० पैकी ७०३ गुण मिळवून चंदीगड देशात पहिलं आलं. अभिमान वाटतोच.

पण तोच तक्ता नीट बघा. त्यात ७६० च्या वर एकही राज्य किंवा केंद्रशासित प्रदेश पोहोचलेला नाही. वरच्या चारही श्रेणी रिकाम्या आहेत. शिवाय हे ७०३ गुण कुणा एकट्या साहेबांचे नाहीत. शिक्षक, मुलं, आधीचे अधिकारी, रात्री उशिरा कामावरून येऊन मुलाला अभ्यासाला बसवणारे आईबाप, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. ‘नंबर आला, मुदत वाढवा’ हा हिशेब फार सोपा झाला. आणि ‘नंबर घसरला, घरी पाठवा’ हाही तितकाच.

ताई म्हणते, “शहराच्या सरासरीचं मला सांगू नका. मध्यावरच्या सेक्टरमधल्या शाळेत आणि मौली जागरां किंवा धनासच्या शाळेत तीन वर्षांत अंतर कमी झालं का, ते सांगा.” मला वाटतं, साहेबांच्या कामाची खरी परीक्षा या एका वाक्यात आहे.

अधिकार आहे, वापरूया

आता सगळ्यात महत्त्वाचं. विचारण्याचा पाया आपल्याला कायद्याने आधीच दिलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कलम २२ नुसार ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते, आणि केंद्राच्या आदर्श नियमांनुसार हा आराखडा तीन वर्षांचा असतो.

तीन वर्षं! साहेबांची मुदतही बहुतेकदा तेवढीच. मग दोन्हींची सांगड का घालू नये? शाळाशाळांच्या समित्यांनी आपल्या आराखड्यातलं काय झालं, काय राहिलं आणि जे राहिलं ते कुणाच्या टेबलावर अडलं, हे एका पानावर लिहावं. मुदतवाढीची फाइल वर जाताना ती पानं तिच्यासोबत जावीत. निर्णय सरकारचाच राहील. अधिकारी निवडून द्यायला आपण बसलेलो नाही आणि समित्यांच्या मर्जीवर साहेब नाचावेत, असंही मला वाटत नाही. नको असलेल्या बदलीमुळे चिडलेले चार लोक एखाद्या कडक पण प्रामाणिक अधिकाऱ्याविरुद्ध पानं भरतील, हा धोकाही आहे. म्हणूनच मत नको, आराखड्याचा हिशेब हवा. आणि निर्णय काहीही होवो, त्याचं कारण चार ओळींत जाहीर व्हावं. अवेळी बदली करताना कारण लिहावं लागतं, तर मुदत वाढवताना किंवा नाकारताना का नको?

“मला बैठकीत काय विचारतात माहितेय? राजमा-चावल कसे होते, गणवेशाचे पैसे खात्यात आले का,” ताई म्हणते. तेही विचारायलाच हवं. पण पुढच्या बैठकीला ती वहीत तीन प्रश्न लिहून नेणार आहे. आपल्या शाळेतल्या रिकाम्या जागा तीन वर्षांपूर्वी किती होत्या आणि आज किती आहेत? आपल्या आराखड्यातल्या कुठल्या मागणीला संचालक कार्यालयातून लेखी उत्तर आलं? आणि सुरू झालेल्या उपक्रमांपैकी कुठला उपक्रम साहेब बदलले तरी चालू राहील?

तुमचं मूलही सरकारी शाळेत असेल, मग शाळा चंदीगडची असो, चिपळूणची असो की चंद्रपूरची, व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कधी आहे ते उद्याच विचारून घ्या. ताईचे तिन्ही प्रश्न तुम्ही तसेच्या तसे उतरवून घेतले तरी चालेल. उत्तरं मिळतील तेव्हा ती इतिवृत्तात लिहून घ्यायला मात्र विसरू नका.