तळ्यावरचे बिऱ्हाड

वाचकहो, मातीच्या बांधात बिळे पाडणाऱ्या घुशी आणि खेकडे यांच्याशी माझे उभे आयुष्य वैर होते. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत दर पावसाळ्यापूर्वी बांधावरून चालत जायचे, बिळे हुडकायची आणि ती खणून पुन्हा मातीने ठासून भरून घ्यायची, हा माझा नेम. निवृत्तीनंतर हेच काम दूर अमेरिकेत, आणि तेही शेजारधर्म म्हणून, माझ्या वाट्याला येईल असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पण तसे घडले खरे. त्या प्रसंगी मी दिलेला सल्ला शास्त्राला धरून होता. तरीही तो आठवला म्हणजे मन अजून थोडे अस्वस्थ होते.

२०१८ च्या ऑक्टोबरात मी न्यूयॉर्क राज्यात, कॅट्सकिल डोंगरांच्या पायथ्याशी, मुलीकडे राहावयास गेलो होतो. न्यूयॉर्क म्हटले की आपणांस उंचच उंच इमारती आठवतात. पण ते त्या नावाचे शहर. त्या नावाच्या राज्याचा बराच भाग जंगल, गोठे आणि सफरचंदाच्या बागा यांनीच भरलेला आहे. मुलीचे शेजारी सत्तरी ओलांडलेले, एकटे राहणारे गृहस्थ. त्यांच्या वडिलांनी गुरांसाठी ओढा अडवून एक तळे बांधले होते. बांध मातीचा, बारा फूट उंच. त्याच्या खालच्या अंगास गावचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे लहान मुले असलेल्या एका कुटुंबाचे घर.

या तळ्यात बीव्हरांनी बिऱ्हाड थाटले होते. बीव्हर हा उंदीर-घुशींच्या वर्गातलाच प्राणी. परंतु वजनाने वीस-पंचवीस किलो, शेपूट वल्ह्यासारखे चपटे, आणि पुढचे दात नारिंगी, कारण त्यांच्या कवचात लोह असते. या दातांनी तो झाडे पाडतो, साली खातो, आणि फांद्या, चिखल व दगड यांचे बंधारे घालून ओढे अडवतो. नर आणि मादी बहुधा जन्माची जोडी करून राहतात. पिल्ले दोन वर्षे आईबापांजवळ राहून काम शिकतात, आणि मग आपले पाणी शोधायला बाहेर पडतात. थोडक्यात, आपल्याकडच्या एकत्र कुटुंबासारखाच हा प्रपंच!

त्या भूमीशी या प्राण्याचे नाते जुने आहे. त्याच्या केसांपासून उत्तम नमदा होई आणि त्याच्या टोप्या युरोपात मोठ्या किमतीस जात. १६२६ साली डच वसाहतीतून ॲमस्टरडॅमला पोहोचलेल्या एकाच जहाजावर ७२४६ बीव्हरांची कातडी होती. अशा व्यापारापुढे कोणता प्राणी टिकेल? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या राज्यात बीव्हर जवळजवळ नामशेष झाला होता. मग कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, बाहेरून काही जोड्या आणून सोडल्या, आणि त्यांचा वंश पुन्हा फोफावला. १९७५ पासून बीव्हर हा न्यूयॉर्कचा राज्यप्राणी आहे. त्याचा बंधारा मोडावयाचा तरी तेथे सरकारी परवानगी लागते.

शेजारी एके दिवशी मला म्हणाले, “तुम्ही धरणांची कामे केली आहेत. जरा येऊन पाहता का?”

मी पाहिले. सांडव्याचा नळ फांद्या आणि चिखल यांनी असा बुजवला होता की आमच्या खात्याच्या गवंड्यालाही तसे साधले नसते. पाणी बांधाच्या माथ्यापासून जेमतेम वीतभर खाली. एवढ्यावर निभावले असते. पण बांधाच्या आतल्या उतारावर, पाण्याखाली, मला एक बीळ सापडले; मग दुसरे. माथ्यावर एके ठिकाणी माती किंचित खचली होती. असे बीळ आरपार झाले म्हणजे काय होते, हे मी नोकरीत एकदा पाहिले आहे. मी रस्त्यापलीकडच्या घराकडे पाहिले आणि म्हणालो, “हा बांध धोक्यात आहे. प्राणी हलवलेच पाहिजेत.”

“हलवणे” या शब्दाचा खरा अर्थ मला चार दिवसांनी कळला. प्राणी पकडून दुसरीकडे सोडायचे तर त्यालाही परवाना लागतो. शिवाय सोडलेला प्राणी दुसऱ्याच्या तळ्यात हाच उद्योग करतो. (१९४८ साली आयडाहो राज्याने ७६ बीव्हर पेट्यांत घालून विमानातून छत्रीने रानात उतरवले होते! पण तेथे रान मोकळे होते.) शेजाऱ्यांनी रीतसर परवानगी काढली आणि एक पारधी बोलावला.

त्याचा सापळा म्हणजे स्प्रिंगने जोडलेल्या दोन लोखंडी चौकटी. प्राणी पोहत त्यांतून जाऊ लागला की त्या मानेवर मिटतात. फ्रँक कोनिबेअर या कॅनडातील पारध्याने तो शोधला, तो पाय धरून ठेवणाऱ्या जुन्या सापळ्यात जनावर तासन्‌तास तळमळते म्हणून. मॅसॅच्युसेट्‌स राज्यातील मतदारांनी मात्र १९९६ मध्ये हाही बहुतांशी निषिद्ध ठरवला. पुढे पाणी चढू लागले तेव्हा २००० साली निकडीच्या प्रसंगांसाठी सवलत द्यावी लागली. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते.

पारध्याने आमिष असे काही लावलेच नाही. त्याने सांडव्याच्या नळातला थोडा गाळ काढला, पाणी खळाळू दिले, आणि नळाच्या वाटेवर पाण्याखाली सापळा मांडला. “ते दुरुस्तीला येतीलच,” तो म्हणाला. वाहत्या पाण्याचा आवाज बीव्हराला स्वस्थ बसू देत नाही. स्वीडनमधील लार्स विल्सन या शास्त्रज्ञाने त्यांना हा आवाज नुसता ध्वनिक्षेपकातून ऐकवला, तर ते त्या ध्वनिक्षेपकावरच चिखल-फांद्या रचू लागले! गळती दिसली की रात्रीच उठून बुजवायची, हा ज्याचा गुण, त्याला त्या गुणानेच पकडायचे होते. वाचकहो, गळतीच्या आवाजाने मीही पुष्कळ रात्री जागून काढल्या आहेत.

पहिल्या सकाळी भला मोठा बीव्हर सापडला. त्याच्या पुढच्या पंजांत अजून चिखल होता. दुसऱ्या रात्री दुसरा, तितकाच मोठा. कुटुंबाचे कर्ते गेले असावेत, असे पारधी म्हणाला. त्यानंतर दोन दिवस तळे शांत होते. मला वाटले, संपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सांडव्याचे पाणी पुन्हा थांबलेले दिसले. मी वाकून पाहिले. या वेळी ओंडके नव्हते. अंगठ्याएवढ्या काड्या, थोडे गवत, आणि वर ओंजळ-ओंजळ चिखल. काड्या आडव्या-उभ्या कशाही रोवलेल्या. माझ्या हाताखालच्या नव्या मिस्त्रीने असे काम केले असते तर मी ते उकलून पुन्हा करावयास लावले असते. पारध्याने निरखून पाहिले. “दीड वर्षाचे पोर आहे,” तो म्हणाला, आणि त्याने सापळा पुन्हा मांडला. अर्धवट कुटुंब मागे ठेवून बांध वाचत नाही, हे मलाही ठाऊक होते. मी त्याला बॅटरी धरून दिली. काळोखात पाण्यावर शेपटीचा फटकारा वाजला; धोक्याची ही त्यांची खूण. ती ऐकायला आता कोण उरले होते, कोणास ठाऊक.

अकरा दिवसांत पाच बीव्हर निघाले. निरोप घेताना पारधी सहज म्हणाला, की पुष्कळ ठिकाणी लोक आता सांडव्यातून एक लांब पाइप तळ्याच्या मध्यापर्यंत नेतात आणि त्याच्या तोंडाभोवती जाळीचा पिंजरा बसवतात. पाणी नि:शब्द आत शिरते, बीव्हराला गळती सापडत नाही, आणि पातळी आपल्याला हवी तेथे राहते. “आधी का नाही सांगितलेत?” मी जरा तीव्रपणेच विचारले. “पाइपाने बिळे थांबत नाहीत,” तो म्हणाला. “बांधाचे तुम्हीच सांगितलेत.”

ते खरे होते. तळे उतरवून बिळे खणून काढली तेव्हा एक बीळ बांधाच्या निम्म्याहून अधिक आत गेलेले आढळले. आम्ही ते ठासून भरले. हिवाळा तोंडावर होता. आणखी काही करण्यास वेळ नव्हता. मी हे स्वतःस अनेकदा सांगितले आहे.

पुढच्या वर्षी शेजाऱ्यांनी पिंजऱ्यासह पाइप बसवला, बांधाच्या आतल्या उतारावर तारेची जाळी अंथरून त्यावर दगड रचले, आणि सफरचंदाच्या बुंध्यांनाही जाळी गुंडाळली. खर्च त्यांना जडच गेला असावा. शरदात मुलीने एक छायाचित्र धाडले. तळ्यात एक नवी जोडी आली होती. काठाशी ताज्या कुरतडलेल्या वाळुंजीच्या फांद्या तरंगत होत्या. मी चष्मा लावून आधी पाण्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंतची उंची अजमावली. दोन फूट भरत होती.