सिंदखेडचे माहेर

पडक्या इमारतींचे वेड युरोपात एके काळी फार होते. अठराव्या शतकात तर तिकडच्या धनिकांनी आपल्या बागांतून मुद्दाम मोडके कमान-खांब बांधवून घेतले. मग चित्रकारांनी ते वेड उचलले, यात नवल नाही. या पंथाचा एक थोर चित्रकार म्हणजे टॉमस कोल. जन्माने इंग्रज, कर्तृत्वाने अमेरिकन. त्याने १८३३ ते १८३६ या काळात 'द कोर्स ऑफ एम्पायर' नावाची पाच चित्रे काढली. जागा एकच, दूरचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरची शिळा पाचही चित्रांत आहे. पहिल्या चित्रात रानटी माणूस शिकार करतो, दुसऱ्यात गुरे राखतो, तिसऱ्यात संगमरवरी नगर उभे राहते, चौथ्यात ते जळते. पाचव्यात उरतो एक एकटा खांब, त्यावर पक्ष्याचे घरटे, अंगावर वेली, आणि वर चंद्र. माणूस मात्र कोठेच नाही.

या चित्राची छापील नक्कल पाहिली की मन उदास होते. पण ती उदासी गोड असते. 'सारे असेच जायचे' असे म्हणून आपण पान उलटतो आणि चहा मागवतो! काळाने केलेल्या नासाडीची आपल्याला काहीच झळ लागत नाही.

असे दृश्य आपल्या महाराष्ट्रात पाहावयाचे, तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जावे. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेले, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे ते विवर! तळाशी खारे पाणी, भोवती झाडी, आणि झाडीत दडलेली जुनी, भंगलेली देवळे. विवराच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांचे एकमत नाही. कोणी सुमारे ५० हजार वर्षे म्हणतात, कोणी सुमारे ५ लाख ७० हजार. एवढ्या काळापुढे सात-आठशे वर्षांच्या देवळाची पडझड ती काय! कोल येथे आला असता, तर त्याला काही रचावे लागले नसते. पण त्याच पाण्याच्या काठी कमळजादेवी आहे, आणि नवरात्रात तिची यात्रा भरते. चित्रातून हाकलून दिलेला माणूस येथे ओटी-नारळ घेऊन परत येतो.

हा विचार डोक्यात घेऊनच मी सिंदखेडराजाला गेलो. जालन्याहून हे गाव जवळ. अलीकडे समृद्धी महामार्गही येथूनच गेला आहे. पण त्यावरच्या मोटारींना नागपूर-मुंबईची घाई असते. येथे लखुजीराव जाधवांचा राजवाडा आहे. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म येथेच झाला. भव्य दरवाजातून आत जावे आणि वर पाहावे, तो बऱ्याच ठिकाणी छताऐवजी आकाशच दिसते. गावात अपुरा राहिलेला काळा कोट आहे. मोती तलाव मात्र अजून पाणी धरून आहे. त्याच्या काठी बायका धुणे धूत होत्या.

वाड्याच्या सावलीला एक म्हातारेबाबा बसले होते. मी मास्तरी सवयीने विचारले, "बाबा, हा पडका वाडा किती जुना असेल हो?"

'पडका' हा शब्द त्यांना रुचला नसावा. ते म्हणाले, "आईसाहेबाचं माहेर हाये हे, सर. भिंती पडल्या म्हणून काय माहेर पडते का?"

या उत्तरावर मी बराच वेळ विचार करीत राहिलो. कोलच्या चित्रमालिकेत काळ एकाच दिशेने उतरणीला लागतो. पाचव्यानंतर सहावे चित्र नाही. सिंदखेडला ते आहे. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशाही दरबारात, लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची दगाबाजीने हत्या झाली. एका दिवसात माहेर ओस पडले. त्या वेळी जिजाऊ गरोदर होत्या. पुरते सात महिनेही लोटले नाहीत, तोच १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. ज्या घराची राख झाली, त्याच घरच्या लेकीने पुढे स्वराज्याचा पाळणा हलवला. आता या भिंतींना नुसते अवशेष कसे म्हणावे?

आणि जमिनीच्या पोटातही अजून काही शिल्लक आहे. २०२४ साली लखुजीरावांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचे काम चालू असताना शेषशायी विष्णूची सुमारे १.७० मीटर लांबीची शिल्पमूर्ती सापडली. लक्ष्मी पाय चुरते आहे आणि देव स्वस्थ पहुडला आहे! कित्येक पिढ्या तो आपल्या पायांखाली होता, नि आपण वरून चालत होतो.

निघताना एका भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे रोप दिसले. कोवळी तांबूस पाने उन्हात चमकत होती. चित्रकाराने नेमके तेच रंगवले असते. पण चुन्याच्या बांधणीत शिरलेले पिंपळाचे मूळ दगडापासून दगड वेगळा करते. कॅनव्हासवरच्या वेलीने खांब कधी पडत नाही, येथला पडतो. भग्नतेचे सौंदर्य लांबून पाहणाऱ्याला परवडते. ज्याचे ते माहेर आहे, त्याने वेळीच ते रोप उपटावे, चुना कालवावा आणि सांधा भरून काढावा.

दिवाळीत लेकी माहेरी येतात. या सुटीत मुलाबाळांना घेऊन एकदा या माहेरीही जाऊन या. आणि मुलांनी 'हे एवढे पडके का?' असे विचारले, तर काळाकडे बोट दाखवून मोकळे होऊ नका.